भावजींची कॉलर

म्हैसूर शहरात इंग्रजी व्याकरणावर जीव टाकणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमच्या माडीवर राहत होता. इंग्रजी शिकवणारे म्हैसुरात ढिगानं आहेत. पण ते तास संपला की खडूचे हात झटकतात आणि घरी जाऊन सुखानं जेवतात. आमच्या भावजींचा तास कधी संपलाच नाही. आणि त्यांचा जीव सगळ्या व्याकरणावर होता असंही नाही. क्रियापदांचे काळ, डायरेक्ट-इनडायरेक्ट, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह ही नोकरीची कामं. ती ते शाळेत बिनतक्रार उरकत. मन जडलं होतं ते एकाच कोपऱ्यावर. त्या कोपऱ्याचं नाव ॲब्सोल्यूट कन्स्ट्रक्शन. बहुतेकांनी हे नाव शाळेत ऐकलं असेल आणि परीक्षेनंतर तिथंच सोडून दिलं असेल, म्हणून भावजी सांगत तसंच सांगतो. ते फळ्यावर लिहीत, 'द सन हॅविंग सेट, वी वेंट होम.' सूर्य मावळल्यावर आम्ही घरी गेलो. मग स्वल्पविरामाअलीकडचा तुकडा पंज्यानं झाकून विचारत, "घरी कोण गेलं? आम्ही. सूर्य गेला का आमच्या घरी? नाही. तो ह्या वाक्याचा कर्ता आहे? नाही. कर्म? तेही नाही. अँड, बट, बिकॉज असला काही दोर त्याला बांधलाय? कुठला दोर! स्वतःचा कर्ता स्वतःच घेऊन आलाय, बाजूला उभा राहिलाय, आणि मधे फक्त एक कॉमा." मग ते डस्टरनं तेवढा तुकडा पुसून टाकत आणि मागं सरून फळ्याकडे बघत राहत. "वाक्य राहिलं," ते म्हणत, "संध्याकाळ गेली."

शाळेतले संस्कृतचे शास्त्री एकदा म्हणाले, "मास्तर, एवढं काय त्यात? ही तर आपली संस्कृतातली सति सप्तमी, 'सूर्ये अस्तं गते', सूर्य मावळला असता." भावजींना ते लागलं. दोन घास कमी जेवले त्या दिवशी. "सति सप्तमीच्या अंगावर निदान विभक्ती तरी आहे हो," ते आमच्या आईला म्हणाले. आईनं पोळी उलटली आणि "हो की" म्हणाली. ती त्यांच्या प्रत्येक सिद्धांताला 'हो की' म्हणायची आणि भावजींना तेवढं पुरायचं.

आता हे भावजी आमचे कोण, हे सांगणं व्याकरणापेक्षा अवघड आहे. वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, हिचे ते दीर. त्यांचं मूळ घर सोसले नावाच्या खेड्यातलं. कॉलेज शिकायला ते म्हैसुरात भावाकडे येऊन राहिले, आणि आत्या त्यांना रीतीप्रमाणे 'भावजी' म्हणायला लागली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत आत्या तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, आमचे आतोबा, बदली घेऊन हुबळीला गेले आणि तिथंच त्यांनी दुसरं लग्न केलं. भावजींना नुकतीच इथल्या शाळेत नोकरी लागली होती. "खोली मिळेपर्यंत चार दिवस राहू का?" म्हणून ते आमच्या देवराज मोहल्ल्यातल्या घराच्या माडीवर आले. खाली रस्त्याच्या बाजूला वडिलांचं टेलरिंगचं दुकान, त्याच्यामागं आम्ही, वर भावजी. ते चार दिवस संपायच्या आत मी जन्मलो, शिकलो, मिशी फुटली. ज्या बाईमुळे ते आमचे कोणीतरी लागत होते ती बाई जगात नव्हती, जो भाऊ मधला दुवा होता तो हुबळीत दुसऱ्याच घराचा जावई झाला होता, आणि भावजी मात्र होते तिथंच होते. आत्याचं बघून माझी आई त्यांना भावजी म्हणायची, आईचं बघून आम्ही मुलं, आमचं बघून मोहल्ला. आमचे वडीलही त्यांना 'अहो भावजी' म्हणत, जे कुठल्याच नात्यात बसत नाही. खऱ्या अर्थानं भावजी म्हणायचा हक्क असलेलं माणूस तेवढं नव्हतं.

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही, कारण विचारायचं कोणत्या नात्यानं? आई एवढंच सांगायची की आत्या असताना भावजी मोठमोठ्यानं पाठ करायचे आणि चुलीपाशी बसून आत्यानं त्यांचं इंग्रजी उचललं होतं. जेवायची वेळ झाली की ती पदराला हात पुसत जिन्याखालून हाक मारायची, "भावजी, द राइस बीइंग रेडी, कम!" दोघं वहिनी-दीर हसत सुटायचे. भावजींच्या आयुष्यात ॲब्सोल्यूट शिरलं ते पुस्तकातून नव्हे, त्या भाताबरोबर, असं माझं मत आहे. त्यांना मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

त्या वेडाच्या कथा सांगाव्या तेवढ्या थोड्या. मार्केटात वांगी घ्यायला गेले तर भाजीवालीला म्हणत, "द प्राइस बीइंग हाय, आय शॅल नॉट बाय." ती बाई म्हणायची, "साकु मेष्ट्रे, तगोळी," म्हणजे पुरे झालं मास्तर, घेऊन जा, आणि भाव खाली आणायची. भावजी हा इंग्रजी व्याकरणाचा विजय समजत. मोहल्ल्यात त्यांचं नाव 'ॲब्सोल्यूट मेष्ट्रु' पडलं होतं, आणि पुष्कळांची समजूत अशी की ते त्यांच्या घराण्याचं नाव आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत 'वेदर परमिटिंग' हे दोन शब्द घालावेत म्हणून त्यांनी हेडमास्तरांशी वाद घातला. कार्यक्रम हॉलमध्ये आहे, पावसाचा संबंध काय, असं हेडमास्तरांनी विचारलं. "संबंध नसणं हेच तर त्याचं सौंदर्य आहे, सर," भावजी म्हणाले. पुढच्या वर्षीपासून पत्रिकेचं काम ड्रॉइंग मास्तरांकडे गेलं.

लग्नाच्या पत्रिका तर ते परीक्षकाच्या नजरेनं तपासत. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकं पत्रिका ठेवून जात. एकदा टी. नरसीपूरच्या कुठल्याशा लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत 'गॉड विलिंग' आणि त्यापुढं अचूक स्वल्पविराम सापडला. पत्रिका आम्हाला नव्हती, दुकानात कोणीतरी विसरून गेलं होतं. भावजी धुतलेलं धोतर नेसून सकाळच्या बसनं टी. नरसीपूरला गेले, संगमावर हातपाय धुतले आणि मांडवात जाऊन बसले. वराकडच्यांना वाटलं हे वधूकडचे, वधूकडच्यांना वाटलं हे वराकडचे. दोन्हीकडच्यांनी त्यांना पुढच्या पंगतीला बसवलं, दोनदा विडा दिला, आणि जाताना "काही कमी पडलं असेल तर पोटात घाला" असं म्हणून हात जोडले. संध्याकाळी परत आल्यावर ते खूप वेळ खूश होते. मग आईनं विचारलं, "तिथं बोललात कोणाशी?" भावजी विचारात पडले. "सगळे फार आदरानं वागले," ते म्हणाले, "बोलायला कोणी बसलं नाही." आणि माडीवर गेले.

एका गोष्टीचा मात्र त्यांना संताप होता. डँगलिंग पार्टिसिपलचा. 'रस्त्यानं चालत असताना कुत्रा मला चावला' अशा थाटाचं इंग्रजी वाक्य कोणा पोरानं लिहिलं की भावजींचा चेहरा उतरायचा. चालत कोण होतं, कुत्रा का तू? हे वाक्य दुसऱ्याच्या कर्त्यावर जगायला बघतं, असं त्यांचं म्हणणं. "ॲब्सोल्यूट तसं नाही. ते कोणावर भार टाकत नाही. परकं असलं तरी लोंबकळत नाही." हे बोलताना त्यांची मान ताठ व्हायची, आणि मान ताठ झाली की त्यांची कॉलर मागून वर उचलली जायची.

आता कॉलरबद्दल सांगायलाच हवं, कारण आमच्या घरचं सगळं रामायण त्या कॉलरीत आहे. आम्ही जातीचे शिंपी. आमच्याकडे दसऱ्याला एक पद्धत होती. वडील कापडाचं एक अख्खं थान आणत आणि घरातल्या सगळ्या पुरुषांचे शर्ट त्या एका थानातून कापत. आजोबा, वडील, काका, आम्ही भाऊ, सगळ्यांचे. थान निवडताना वडील टिकाऊपणा बघत, रंग देवाच्या मर्जीवर सोडत. एका वर्षी पोपटी चौकडी होती. एका वर्षी असा काही तांबडा रंग होता की विजयादशमीची मिरवणूक बघायला आम्ही रांगेनं निघालो तेव्हा लोक हत्ती सोडून आमच्याकडे बघत होते. तरुणपणी मला त्या शर्टाची लाज वाटायची. पण मोहल्ल्यात कोणी कोणाच्या घरचा हे दसऱ्याच्या दिवशी विचारावं लागत नसे.

भावजींना त्या थानातून शर्ट कधी मिळाला नाही. ह्यात तुसडेपणा नव्हता, उलट मान होता. ते लेकीच्या सासरचे. लेकीच्या सासरच्या माणसाला थानातला शर्ट देतात का कधी? त्याला आहेर करतात. दरवर्षी दसऱ्याला आई ताट काढायची, त्यात नारळ, विडा, कुंकू, आणि वर शर्टाचं उंची पांढरं कापड. भावजींना पाटावर बसवून वडील ते ताट त्यांच्या हातात देत आणि नमस्कार करत. आत्या गेली तरी आहेर चुकला नाही. पंगतीत पहिलं ताट भावजींचं. त्यांनी पाण्याची बादली उचलली की आई धावायची, "अय्यो भावजी, ठेवा ते. तुम्ही सुम्ने बसा की!" सुम्ने म्हणजे उगाच, गप. आमच्या घरात सगळे राबत, भांडत, एकमेकांवर ओरडत. भावजी तेवढे सुम्ने बसलेले. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांच्यावर कोणी एकदा ओरडलं नाही. एखाद्या माणसाला एकटं पाडायचं असेल तर त्याचा अपमान करायची काही गरज नसते. आदरानं ते काम जास्त चांगलं होतं.

आणि गंमत पुढं आहे. आहेराचं कापड न शिवलेलं असतं. आता टेलरच्या माडीवर राहणाऱ्या माणसानं शर्ट शिवायला कुठं जावं? भावजी जिना उतरत, वडिलांच्या दुकानासमोरून मान खाली घालून जात, आणि समोरच्या गल्लीतल्या टेलरकडे कापड टाकत. कारण साधं होतं. वडील त्यांच्याकडून शिलाई घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, आणि फुकट शिवून घ्यायला आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वडिलांची अडचण निराळी. सासरच्या माणसाला समोर उभं करायचं, 'हात वर करा, मागं वळा' म्हणायचं, त्याच्या गळ्याभोवती टेप टाकायची, हे त्यांना धाडसाचं वाटायचं. समोरच्या टेलरचा हात पँटला बरा होता, पण कॉलर त्याला जन्मात जमली नाही. त्याची कॉलर मानेपासून बोटभर दूर उभी राहायची. भावजी जिन्यावरून खाली येत तेव्हा वडील मशीनवरून वर बघत, नजर बरोबर त्या कॉलरीवर जायची, आणि ते पुन्हा मान खाली घालून पाय हलवायला लागायचे. वर्षानुवर्षं एक माणूस वाईट कॉलर घालून हिंडला आणि दुसरा ती बघून मशीनवर मान खाली घालत राहिला, आणि दोघंही एकमेकांचा मान राखत होते.

दसऱ्याला आम्ही नवे शर्ट घालून बाहेर पडलो की भावजी माडीच्या कठड्याशी उभे असत. एकदा मी वर बघून म्हटलं, "भावजी, चला की." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. छान दिसताय सगळे. एका वाक्यातले." मग थोड्या वेळानं ते पांढऱ्या शर्टात एकटेच निघत, आणि गर्दीत आमच्यापासून जरा अंतरावर उभं राहून हत्ती बघत.

मी कॉलेजात असताना, भावजींची निवृत्ती जवळ आली त्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर हुबळीहून आतोबा आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माणूस वाईट नव्हता. दुसरी बायकोही वारली होती, मुलं लांब नोकऱ्यांना होती, मोठं घर रिकामं पडलं होतं. बोलण्याला हुबळीचं 'री' चिकटलं होतं. "नोडरी," म्हणजे बघा हो, ते वडिलांना म्हणाले, "सख्खा भाऊ असताना हा मेव्हण्याच्या माडीवर म्हातारा व्हायचा, हे दिसायला बरं नाही. लोक मला विचारतात. मी ह्याला न्यायला आलोय." वडिलांनी टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. "तुमचा माणूस," ते म्हणाले. "आम्ही कोण नको म्हणणार?"

भावजी तेव्हा जिन्यावरच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांना जायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांना एवढंच हवं होतं की आमच्यापैकी कोणीतरी 'जाऊ नका' म्हणावं. आणि तेवढंच आमच्यातल्या कोणाला म्हणता येत नव्हतं, कारण मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना त्यांचा माणूस नेऊ नका म्हणायचं, ही रीत नव्हती. आतोबांना नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? बहीणही राहिली नव्हती. आई आत स्वयंपाकघरात वडिलांना म्हणायची, "तुम्हीच एक शब्द बोला की," आणि वडील म्हणायचे, "होगली, सोड. त्यांच्या घरचं आहे." विजयादशमी झाली की दोघा भावांनी निघायचं ठरलं. भावजींनी पुस्तकं खोक्यात भरली. जेवायला येत, खाली बघून जेवत, वर जात. तिसऱ्या दिवशी आई वाढता वाढता थांबली आणि मला हळूच म्हणाली, "त्यांची ती वाक्यं बंद झालीत रे." तेव्हा माझ्या लक्षात आलं की घर शांत का वाटतंय.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्या दुकानात सकाळीच मशीनं पुसून, तेल घालून, त्यांना झेंडूच्या माळा घालत. कात्र्या, टेप, खडू, फुटपट्टी, सगळं पाटावर मांडून त्यावर कुंकू. दाराशी कोहळा फोडत. एकदा पूजा झाली की विजयादशमीची आरती होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा वडिलांचा कडक नेम. त्या दिवशी शर्टाचं लोंबणारं सूत तोडायलासुद्धा ते कात्री घेत नसत, दातानं तोडत. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकानं गाडी पाठवून बोलावलं होतं, तेव्हाही ते जागचे हलले नव्हते.

त्या दिवशी पूजा आटोपल्यावर भावजी खाली आले. दुसऱ्या दिवशी निघायच्या गडबडीत राहून जायला नको म्हणून निरोप घ्यायला आले होते. अंगात गेल्या दसऱ्याच्या आहेराचा, समोरच्या टेलरनं शिवलेला पांढरा शर्ट. "येतो," असं काहीतरी पुटपुटले आणि वडिलांच्या पायांशी वाकले. सासरच्या माणसानं वाकणं म्हणजे उलटी गंगा. वडील दचकून मागं सरकले. पण वाकल्यामुळे भावजींची मान समोर आली, आणि ती कॉलर. मागून आ वासलेली, टीप वाकडी, आत अख्खा पंजा जाईल एवढी फट. वडील तिच्याकडे बघत राहिले. आतोबा खुर्चीत बसले होते, आई दारात, आम्ही भाऊ माळा सारख्या करत होतो.

"हे घालून हुबळीला जाणार?" वडील म्हणाले. आवाज आमच्यावर ओरडायचा होता.

भावजी उठून उभे राहिले. "बरा आहे की," ते म्हणाले.

"बरा! टेलरच्या घरात राहून हा असला शर्ट घालतोस? लाज नाही वाटत? इकडं ये. सुम्ने उभा राहा."

आईनं तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांचं 'अहो भावजी' कुठं गेलं, ते वडिलांच्याही ध्यानात आलं नसावं. त्यांनी पाटावरची टेप उचलली. कुंकू लागलेलीच. भावजींच्या गळ्याभोवती टाकली, खांदे मोजले, पाठ मोजली, "हात वर कर," "वळ," "श्वास सोड" असं खेकसत राहिले. मग पाटावरची कात्री घेतली. त्या वर्षीचं थान निळं होतं, त्यावर पिवळे पट्टे, आजवरच्या सगळ्या थानांत कुरूप. त्यातलं जे उरलं होतं ते त्यांनी टेबलावर पसरलं आणि आयुधपूजेच्या दिवशी, आमच्या देखत, कापलं. झेंडूची माळ न काढता मशीन चालवलं. पाकळ्या कापडावर पडत होत्या, वडील त्या फुंकून बाजूला करत होते. भावजी ज्या जागी माप दिलं तिथंच उभे होते. त्यांना बसायला कोणी सांगितलं नाही. आई खुर्ची घेऊन धावली नाही.

संध्याकाळी शर्ट झाला. कॉलर मानेला अशी बसली की जणू तिथंच जन्मली. आतल्या पट्टीला वडिलांच्या अंगठ्याचं कुंकू लागलं होतं, ते पुढं कधी गेलं नाही. भावजींनी आरशात बघितलं. बऱ्याच दिवसांनी ते इंग्रजीत बोलले. "द शर्ट बीइंग स्टिच्ड," म्हणाले, आणि स्वल्पविरामाशी थांबले. पुढचं वाक्य त्यांना सुचेना. जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक बघायला आम्ही निळ्या-पिवळ्या पट्ट्यांत निघालो. भावजी आमच्या मधे होते. रस्त्यात पोरांनी "अरे, ॲब्सोल्यूट मेष्ट्रु!" म्हणून दात काढले आणि भावजींनी त्यांना हात केला. आतोबा आमच्या मागून येत होते, अंगात भावजींच्या आहेराच्याच जातीचा पांढरा शर्ट. हत्ती गेले, गर्दी पांगली. आतोबांनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि भावाच्या खांद्यावरची शिवण बोटानं चाचपली. "छान बसलाय की," ते म्हणाले. मग वडिलांकडे वळले. "माझं माप तुम्ही कधी घेतलं नाहीत."

आतोबा जावई होते. जावयाच्या गळ्याभोवती टेप कोण टाकणार? ते त्याच संध्याकाळच्या गाडीनं एकटे हुबळीला गेले. भावाला चल म्हणाले नाहीत. खोकी महिनाभर माडीवर तशीच बांधलेली होती, मग एकेक पुस्तक पुन्हा बाहेर आलं आणि वाक्यंही सुरू झाली. त्यानंतर वडील भावजींवर दर दोन दिवसांनी ओरडत. भावजी पाणी भरत, दळण आणत, आणि शिव्या खाल्ल्या की त्यांचं तोंड उजळायचं.

पुढचं सगळ्यांच्या घरी होतं तेच झालं. आजोबा गेले, काका निराळे झाले, वडील गेले. भाऊ परदेशी, मी बेंगळुरूला. आई काही दिवस तिथं राहिली, मग माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच गेली. दुकानाची जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं दिली. तयार शर्ट घेणाऱ्या माणसांना थान कशाला लागतं? घरात उरले फक्त भावजी. माडी चढवेना म्हणून खाली, आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत येऊन राहिले. वडिलांचं एक मशीन त्यांनी ठेवून घेतलं होतं. शिवता येत नव्हतं, पण आयुधपूजेला त्याला माळ घालायचे.

शेवटच्या दसऱ्याला मी एकटाच गेलो. दार भावजींनी उघडलं. अंगात तो निळा-पिवळा शर्ट, विटून निळा कुठला नि पिवळा कुठला कळत नव्हतं. कॉलर मात्र जशीच्या तशी. त्यांनी भात-सार केलं होतं. मी बादली उचलायला गेलो तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. "तू सुम्ने बस की," म्हणाले, "लांबून आलायस." मला पाटावर बसवलं, पहिलं ताट मला वाढलं, आणि मी जेवेपर्यंत उभे राहून वाढत राहिले. बरोबर बसा म्हटलं तर ऐकेनात. जेवण झाल्यावर आतून ताट घेऊन आले. त्यात नारळ, विडा, कुंकू, आणि वर शर्टाचं उंची पांढरं कापड.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते चेष्टा करत होते की रीत पाळत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. ज्या घरात मी जन्मलो त्या घरात, ज्या पाटावर ते बसत त्या पाटावर, मी पाहुणा म्हणून बसलो होतो. मी वाकून नमस्कार केला. ते मागं सरकले नाहीत. घरच्या माणसासारखा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या दसऱ्यापर्यंत भावजी राहिले नाहीत. ते आहेराचं कापड मी मिळालं तेव्हाच शिवायला टाकलं होतं. खाली कव्हरांचं दुकान, म्हणून समोरच्या गल्लीत गेलो. तिथं आता त्या टेलरचा मुलगा बसतो. बापाचा हात पुरता घेतलाय त्यानं. दर दसऱ्याला मी तो शर्ट घालतो. कॉलर मानेपासून बोटभर दूर उभी राहते, आणि दिवसभर मागून वारा लागत राहतो.